पट्टी कोणती?

'इंडी' हा शब्द मला माझ्या भाचीने शिकवला. ती मुलुंडला कॉलेजात आहे, गिटार वाजवणाऱ्या दोन मित्रांबरोबर गाते, आणि शनिवार आला की खार, अंधेरी नाहीतर लोअर परळ गाठते. फाल्गुन संपत आला होता. दुपारी घरी येऊन तिने मोबाइल पुढे धरला. "मामा, या शनिवारी ही गिग आहे. इंडी बँड. सगळी स्वतःची गाणी. तिकीट सहाशे."

मी विचारलं, "स्वतःची म्हणजे?"

"शब्द त्यांचे, चाल त्यांची, रेकॉर्डिंगचे पैसे त्यांचे. मागे कंपनी नाही, सिनेमा नाही."

त्याच सकाळी रिक्षा स्टँडजवळ मी एक फ्लेक्स वाचला होता. सार्वजनिक सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त डबलबारी भजनाचा जंगी सामना. दोन बुवांचे मोठे फोटो, त्यांच्याखाली पखवाजवाल्यांची नावं, मग मंडळाच्या कार्यकर्त्यांची रांग. वार शनिवारच. भाचीने केलेली व्याख्या मी मनातल्या मनात त्या फ्लेक्सला लावून पाहिली. ती जवळजवळ शब्दशः लागू पडत होती, आणि गेली पन्नास वर्षं भांडुपमध्ये राहून हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

उपनगरात स्वतंत्र संगीत नाही, त्यासाठी रेल्वेने तासभर प्रवास करावा लागतो, अशी तक्रार मी बरीच ऐकतो. मला ती खरी वाटत नाही. संगीत इथे मुबलक आहे. त्याला 'स्वतंत्र' म्हणायची आपल्याला सवय नाही, आणि नव्या मुलांच्या स्वतंत्र संगीताला बसायला इथे जागा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच दुखण्याच्या आहेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी शब्दाचं पाहू. १९७७च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या बँडने मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. पहिल्या खेपेला १००० प्रती. तोवर रेकॉर्ड काढायची तर बहुतेक बँडना लंडनच्या मोठ्या कंपनीच्या दाराशी उभं राहावं लागे. या पोरांनी ते दार ओलांडलंच नाही. 'इंडी' या शब्दात पुढे जो अभिमान आला तो अशा उद्योगांतून आला. तेव्हा त्याचा अर्थ एका विशिष्ट आवाजाचं गाणं असा नव्हता. गाणं करायची साधनं कुणाच्या हातात आहेत, एवढाच तो प्रश्न होता. आज मात्र 'इंडी' म्हटलं की हळू आवाजातली गिटार, इंग्रजी किंवा हिंदीतलं एकटेपण आणि मंद दिव्यांचा बार डोळ्यांपुढे येतो. साधनांचा प्रश्न मागे पडला आणि पोशाख उरला.

आता साधनांच्या बाजूने डबलबारीकडे बघा. माझे वडील कणकवलीकडून भांडुपला आले ते कारखान्यात कामाला. जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स अशी नावं तेव्हा आमच्याकडे पत्त्यासारखी सांगितली जात. डोंगराच्या उतारावर तुळशेतपाडा, टेंभीपाडा, हनुमान नगर, कोकण नगर अशा वस्त्या वाढल्या. गावाकडच्या माणसांनी खोलीबरोबर भजनही आणलं. भजनाला पेटी, पखवाज, झांजा, चकी लागते. हे सामान वर्गणीतून आलं. बसायला मंडळाची खोली, तीही वर्गणीतून. शिकवणारा बुवा दिवसा मशीनवर, रात्री पेटीवर. यात कंपनी कुठे होती? सरकारी अनुदानही नव्हतं.

बारीची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन बुवा आपापल्या साथीदारांसह समोरासमोर बसतात. स्तवन, रूपावली, अभंग, गौळण आणि शेवटी गजर असा क्रम. पहिला बुवा आपल्या फेरीत पुराणातला एखादा पेच टाकतो. दुसऱ्याने आपल्या फेरीत, गाण्यातूनच, त्याचं उत्तर द्यायचं आणि वर स्वतःचा प्रश्न ठेवायचा. ऐकणारे रामायण-महाभारत कोळून प्यालेले असतात. उत्तर चुकलं तर मांडवात लगेच कुजबुज होते. माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा एकदा मांडीवर थाप मारून म्हणाले होते, "बुवान काय उत्तर दिल्यान!" आणि खिशातली नोट काढून मुलाच्या हाती पुढे पाठवली होती. त्या नोटेचा मला विचार पडतो. ऐकणारा आणि गाणारा यांच्यामध्ये त्या वेळी फक्त एक लहान मुलगा होता.

बुवाची सुपारी आधी ठरलेली असते. ती मंडळ देतं. मंडळाकडे पैसा घराघरांतून आणि गल्लीतल्या दुकानदारांकडून येतो. म्हणजे श्रोत्यांनीच तो आधी गोळा केलेला असतो. बारी रंगली तर पुढल्या हंगामात चार मंडळं बुवाला बोलावतात, नाही रंगली तर बोलावत नाहीत. रत्नागिरीकडच्या मंडळींचा शक्ती-तुरा याच हिशोबावर चालतो. तिथे शाहीर गण आणि गवळण स्वतः बांधतो, सवाल-जवाबाची कडवी स्वतः लिहितो, आणि पायात चाळ बांधलेली पोरं त्यावर नाचतात. या शाहिरांनी दरवर्षी किती नवी गाणी लिहिली याची नोंद कुणी ठेवलेली नाही. ठेवली असती तर स्वतंत्र मराठी गाण्याचा इतिहास आपण फार वेगळा शिकवला असता.

भाचीचा आक्षेप लगेच आला, आणि तो रास्त होता. "मामा, गजराला तर सिनेमाच्या चाली असतात." असतात. मलाही त्या खुपतात. मुळातला गोड अभंग सोडून एखादा बुवा चालू सिनेगीतावर देवाचं नाव बसवतो तेव्हा टाळ्या पडतात आणि कसब घटतं. बारीत कधीकधी पुराण बाजूला राहतं आणि एकमेकांच्या घरादाराची उणीदुणी निघतात, तेही मी ऐकलेलं आहे. स्त्रियांची भजनी मंडळं प्रत्येक वस्तीत असताना सामन्याच्या मंचावर महिला बुवा दिसायला फार वर्षं गेली, आणि अजूनही त्या मोजक्याच आहेत. शिवाय मंडळ हे बहुधा एका गावचं, एका वाडीचं, कित्येकदा एका जातीचं असतं. बाहेरच्याला तिथे कुणी अडवत नाही, पण कुणी बोलावतही नाही. हे दोष मोठे आहेत आणि मी ते झाकणार नाही. तरी ते गाण्याच्या रिवाजातले दोष आहेत. गाण्याच्या मालकीचा प्रश्न या लोकांनी केव्हाच सोडवून टाकला आहे.

आणि नव्या मुलांनी? इथे मला भाचीची काळजी वाटते. तिच्या मित्रांनी गेल्या वर्षी एक गाणं रेकॉर्ड करून सगळ्या ॲपवर चढवलं. पैसे त्यांचे, मेहनत त्यांची. पण गाणं कुणापर्यंत जायचं ते ॲप ठरवतं. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला रॉयल्टीतला एक पैसाही मिळणार नाही. म्हणजे नऊशे नव्वद वेळा कुणी मनापासून ऐकलं, तरी हिशोबात ते गाणं ऐकलंच गेलं नाही. आमच्या वस्तीत बारीला तीनशे माणसं बसली तर मंडळाला भरून पावल्यासारखं होतं. तीच तीनशे माणसं ॲपवर शून्य ठरतात. कंपनी गेली आणि तिच्या जागी दुसरं एक दार आलं, ज्याच्यामागे बोलायला माणूसही नाही. एका ठिकाणी या मुलांना गायला बोलावलं तेव्हा अट होती की चाळीस तिकिटं तुम्हीच खपवा, नाही खपली तर पैसे तुम्ही भरा. मुलांनी घरून पैसे आणून भरले. सुपारीची चाल इथे उलटी झाली होती. गाणाराच मंडळाला सुपारी देत होता.

यशाची उदाहरणं आहेत, आणि ती बघून मला आनंद होतो. जळगावच्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४मध्ये देशभर वाजलं. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' आलं, हाउस संगीताच्या ठेक्यावरचं मराठी गाणं, आणि ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. मराठी शब्दांवर परदेशातली माणसं नाचली हे चांगलंच झालं. पण अशा दोन-तीन गाण्यांवरून आपण असा निष्कर्ष काढतो की पुढचा मार्ग हाच: घरात बसून गाणं करायचं, ते व्हायरल व्हायची वाट बघायची, आणि झालं की मोठ्या कंपनीने उचलायचं. मग स्वतंत्र असणं ही मोठ्या दाराबाहेरची प्रतीक्षेची खोली होते. शंभरातले अठ्ठ्याण्णव त्या खोलीतच म्हातारे होतील. त्यांचं संगीत वाईट असेल म्हणून नव्हे, तर त्यांच्या गल्लीत त्यांना बोलावणारं कुणी नाही म्हणून.

मध्य रेल्वेच्या या पट्ट्याला बोलावण्याची मोठी परंपरा आहे. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिराग नगरात राहत. त्यांनी, शाहीर अमर शेखांनी आणि शाहीर गवाणकरांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून गायलं. शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडीत राहत. आनंद पटवर्धनांच्या १९८५च्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्यांचा आवाज आहे. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, आणि पुढच्या काही दिवसांत घोगऱ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट त्यांच्यापासूनच सुरू होतो. मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधोमध भांडुप आहे. लोकलच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना वस्त्या दिसतात तेव्हा मला वाटतं, या शहरात स्वतःच्या शब्दांची किंमत सर्वांत जास्त मोजली ती याच रुळांलगतच्या माणसांनी. त्यांना कुणी इंडी म्हटलं नाही.

आणि ही परंपरा आटलेली नाही. चैत्र जवळ आला की आमच्याकडे दोन हंगाम एकमेकांत मिसळतात. शिमग्याला गावी गेलेले चाकरमानी परततात आणि पूजांच्या बाऱ्या सुरू होतात. पाडव्यानंतर १४ एप्रिलचे वेध लागतात आणि बुद्धविहारांच्या पटांगणांत भीमगीतांच्या रात्री भरतात. वामनदादा कर्डकांची गाणी असतातच, पण दरवर्षी नवं लिहिणारेही उभे राहतात. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांनी हातातल्या एकतारीवर गायलेली भीमगीतं मोबाइलवरून घराघरांत गेली, तेव्हा त्यांच्यामागे ना स्टुडिओ होता ना व्यवस्थापक. वसंतातल्या एका शनिवार-रविवारी काय ऐकावं असं मला कुणी विचारलं, तर मी आधी त्यांचं नाव सांगेन, तेही घरातले दिवे मालवून, आवाज मोठा करून.

मग स्वदेशी. मुंबईचा हा बहुभाषी हिपहॉप गट मराठी, हिंदी, गुजराती आणि आणखी भाषांत रॅप करतो. त्यांचं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं २०१९चं. त्यात आरेतल्या केलटीपाड्याचे प्रकाश भोईर गायले आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली. भांडुपच्या माणसाला हे गाणं लांबचं वाटूच नये. डोंगराच्या या अंगाला आमचा खिंडीपाडा, मध्ये विहार तलाव आणि पलीकडे आरे. एकाच जंगलाच्या दोन कडा आहेत या. स्वदेशीतला तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २०२२च्या मार्चमध्ये चोविसाव्या वर्षी गेला. २०२०च्या 'चेतावनी' या अल्बममध्ये तो सापडतो. त्याच गटातला हंड्रेड आरबीएच अमरावतीचा. त्याच्या मराठीत वऱ्हाडातलं ऊन आहे, आणि पुण्यामुंबईच्या कानांनी ते सवय करून घेऊन ऐकायला हवं. महादेव कोळी समाजातली 'माही जी' ही आदिवासींच्या हक्कांची बाजू रॅपमधून मांडते. आणि ज्यांना पखवाज आवडतो पण 'भजन' म्हटलं की पाय मागे घेतात, त्यांनी अभंग रिपोस्ट ऐकावं. संतांचे अभंग बास गिटारच्या जोडीने गाणारा हा मुंबईचा बँड आहे. मी तो बुवांच्या एका साथीदाराला ऐकवला. त्याने दोन अभंग ऐकून घेतले आणि म्हणाला, "ठेको बरो धरलोहा." त्याच्याकडून ही मोठी पावती आहे.

प्रश्न उरतो जागेचा. मुंबईत मोठ्या कार्यक्रमांना तोटा नाही. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३पासून लोलापलूझा भरतं, २०२५च्या जानेवारीत नेरूळच्या स्टेडियममध्ये कोल्डप्ले तीन रात्री वाजलं. पण गाणारा तयार होतो तो शंभर माणसांच्या खोलीत, आणि अशा खोल्या या शहरात टिकत नाहीत. त्याहून मोठ्या जागाही टिकल्या नाहीत. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव होई. शांतता क्षेत्राच्या नियमापायी या शतकाच्या सुरुवातीला तिथला आवाज थांबला. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ला सुरू झालं आणि २०१६ला बंद पडलं. जी ठिकाणं उरली ती बहुतेक दारू विकून गाणं चालवतात. तिथे सोळा वर्षांच्या मुलीला जाता येत नाही आणि तिच्या आजीला जावंसं वाटत नाही. भांडुपला तर बहुतेक जलद गाड्या थांबतही नाहीत. परतीच्या धीम्या लोकलचं घड्याळ बघत शेवटची दोन गाणी सोडून निघणं हा इथल्या प्रत्येक तरुण श्रोत्याचा अनुभव आहे. नाट्यगृहासाठी आम्ही मुलुंडचं कालिदास गाठतो, पण ऐंशी श्रोत्यांच्या बँडने तेवढं मोठं गृह भाड्याने घेणं म्हणजे कर्ज काढून सण करणं.

म्हणून माझा आग्रह मंडळांच्या खोल्यांसाठी आहे. प्रत्येक वस्तीत मंडळाची खोली आहे, सोसायटीचा हॉल आहे, विहारासमोरचं पटांगण आहे. गणपती, पूजा आणि जयंती सोडली तर या जागा वर्षभर कुलुपात असतात किंवा त्यांत कॅरम चालतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि ते योग्यच आहे. आजारी माणसाच्या उशाशी भिंत हलवणारे स्पीकर लावणाऱ्यांनी गाण्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नसेल. पण शंभर माणसांच्या खोलीत पेटीला, पखवाजाला आणि साध्या लाकडी गिटारला स्पीकर लागतोच कशाला? संध्याकाळी सात ते साडेनऊ. शंभर रुपये तिकीट. ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटीही नाही. शंभर माणसं आली तर दहा हजार होतात. चहा, सतरंज्या, झाडलोट वजा जाता गाणाऱ्यांच्या हातात जे पडेल ते ॲपवरून त्यांना वर्षात दिसणार नाही.

याला विरोध कुठून येईल तेही मला ठाऊक आहे. मंडळातले ज्येष्ठ म्हणतील, देवाच्या खोलीत ही गाणी नकोत. मुलं म्हणतील, आमचं गाणं या म्हाताऱ्यांना काय कळणार. पहिल्यांना मी एवढंच सांगेन की तुमच्या बुवाने पहिल्यांदा पेटीवर सिनेमाची चाल काढली तेव्हाही कुणीतरी हेच म्हटलं होतं. मुलांना सांगायचं ते जास्त आहे. बारीला बसणारा श्रोता शब्द न् शब्द ऐकतो. तो मध्येच फोन काढत नाही, गाणाऱ्याच्या पाठीमागे उभा राहून गप्पा मारत नाही, आणि चुकलं तर तोंडावर सांगतो. असा श्रोता खारच्या कुठल्याही बारमध्ये सहाशे रुपये देऊन मिळणार नाही. तुमच्या कवितेतली तकलादू ओळ त्याच्यापुढे टिकायची नाही. ती टिकू नये हे तुमच्याच भल्याचं आहे.

भाची त्या शनिवारी खारला गेली नाही. रागाने की कुतूहलाने कोण जाणे, माझ्याबरोबर बारीला आली. पहिला तास ती मोबाइलशी खेळत होती. दुसऱ्या बुवाच्या पखवाजवाल्याने गजराच्या लयीत दुप्पट घेतली तेव्हा तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. मध्यंतरात मला न विचारता उठली आणि मंचामागे त्याच्याशी बोलायला गेली. तो दिवसा भांडुप स्टेशनबाहेर कुरिअरच्या पिशव्या वाहतो. तिने सरळ विचारलं, "काका, आमच्याबरोबर वाजवाल का? आम्ही तिघं आहोत. गाणी आमचीच आहेत."

आता पाडव्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळाची खोली सात ते साडेनऊ मिळाली आहे. अध्यक्षांनी दोन बैठका घेऊन परवानगी दिली, वर अट घातली की सुरुवात स्तवनाने व्हायची. मुलांनी ती मान्य केली. ऐंशी सतरंज्यांची व्यवस्था झाली आहे, तिकिटं झेरॉक्सवाल्याने कापून दिली आहेत. काल संध्याकाळी पखवाजवाले काका तालमीला आले. खाली बसून त्यांनी पहिला प्रश्न केला, "तुमची पट्टी कोणती? आमचो बुवा काळी चारात गातो."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. गिटारवाला म्हणाला, "डी शार्प." काकांनी मान हलवली, त्यांना ते कळलं नव्हतं. भाचीने कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली, सा पासून बोटं मोजत गेली आणि एका पट्टीवर थांबली. "काळी दोन, काका."

"मगे पुडी उतरवूक व्हयी," ते म्हणाले आणि हातोडीने गठ्ठे ठोकायला लागले. जरा वेळाने मान वर न करताच म्हणाले, "रविवारी धुम्याक लावूक कणीक मी घराकडसून हाडतंय. तुमची हयली मैद्यासारखी असता."